खांद्याचा तुकडा

मेलेल्या माणसांचे कपडे मागत फिरणारी बाई गोण्यांच्या शेडमध्ये पहिल्यांदा आली, तेव्हा बायकांनी तिला जुन्या कपड्यांवर भांडी देणारी समजून पातेल्याचं विचारलं.

"भांडी नाहीत माझ्याकडे," ती म्हणाली. "मी नुसता कपडा नेते. तोही गेलेल्या माणसाचा."

शेडमध्ये सोळा बायका फाटक्या गोण्या शिवत होत्या. सोळा दाभणं जागच्या जागी थांबली.

"आणि बदल्यात काय?" तपकीर मावशीनं विचारलं. ही शेडमधली सगळ्यांत जुनी बाई. नाकात तपकीर कोंबल्याशिवाय तिला सुतळी ओवता येत नसे.

"काही नाही."

"मग जिवंत माणूसच ने की बाई. माझा नवरा आहे घरी. कपड्यांसकट ने, धुऊन देते."

बायका हसल्या. ती बाईही हसली आणि न विचारता रिकाम्या गोण्यांच्या ढिगावर बसली. पायांत पुरुषी बूट, काखेत कापडाचं मोठं गाठोडं. तिनं सांगितलं की आरोग्य केंद्रातर्फे एक मोठं कापड शिवायचं चाललंय. वस्तीतली जी माणसं एचआयव्हीनं गेली, त्यांच्या कपड्याचा एकेक तुकडा त्यावर लावायचा. बाजाराच्या दिवशी ते सगळ्यांना दिसेल असं टांगायचं. बघून चार लोक तरी तपासायला येतील.

आजाराचं नाव तिनं सर्दीपडशाचं घ्यावं तसं घेतलं. हसू एकदम विरलं. कुणीतरी दाभण उगाच डोक्याच्या फडक्याला पुसलं.

सोळांतल्या एकीनं, सगळे थोरली म्हणत तिनं, मान वर केली नाही. हातातल्या गोणीचं भोक बोटभर होतं. त्यावर तिनं तळहाताएवढं ठिगळ ठेवलं आणि काम मोठं असल्यासारखी शिवत राहिली.

"इथं त्या आजारानं कुणी गेलेलं नाही," तपकीर मावशी म्हणाली. "आमच्याकडे लोक पडून मरतात, पिऊन मरतात, म्हातारे होऊन मरतात. ते असलं काही नाही."

"बरंय," बाई म्हणाली. "पण कुणाला आठवलं कुणी, तर मी केंद्राच्या ओसरीत असते. नाव टाकायचं नाही. कुणाचा तुकडा, हे मलासुद्धा सांगायचं नाही."

ती गेल्यावर अर्धा दिवस तिचीच चर्चा. एक म्हणाली, कपडे घेऊन करणी करतात. दुसरी म्हणाली, कसली करणी, सरकारी यादी करतात, मग यादीतल्या घरांना वस्तीतून हलवतात. तिसरीला त्या बुटांचाच संशय होता.

थोरली सगळं ऐकत होती आणि प्रत्येकीच्या तोंडाकडे एकदा बघून घेत होती. ही माझ्याकडे बघून बोलली का? ती माझ्याकडे न बघता बोलली, म्हणजे मुद्दाम का?

शेडमध्ये त्या महिन्यात असंही कुणी कुणाकडे सरळ बघत नव्हतं. धान्याच्या गोदामात नवी प्लास्टिकची पोती आली होती. ती फाटली की फेकून देतात, शिवत बसत नाहीत. मुकादमानं सांगून टाकलं होतं की हंगाम संपेपर्यंत सोळांतल्या आठ राहतील. कोणत्या आठ, ते सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पाणी प्यायला उठलेल्या बाईच्या मागे पंधरा नजरा जात. कुणी खोकलं तरी हिशेबात धरलं जाई.

काम मात्र नेहमीचंच होतं. सकाळी गोण्या झटकायच्या. तो भुसा आणि धूळ नाकातोंडात जाई आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया एका रंगाच्या होत. मग भोकं शोधायची, ठिगळ लावायचं, उसवलेली कड शिवायची. गोणी पुरी झाली की शेवटच्या टाक्याला आपली खूण घालायची. संध्याकाळी मुकादम ढीग उलटापालटा करून खुणांवरूनच कुणी किती शिवलं ते धरी. त्याला लिहिता येत होतं, पण तो कागदापेक्षा टाक्यांवर विश्वास ठेवी. एकीची खूण फुली, एकीची दुहेरी गाठ, तपकीर मावशीचे नुसतेच दोन आडवे टाके. थोरलीची खूण कोंबडीचा पाय: तीन तिरके टाके आणि मागे एक छोटा. ती मुळात तिच्या आईची खूण. गेल्या वर्षी आईचे हात चालेनासे झाले आणि थोरली आईच्या जागेवर येऊन बसली. जागेबरोबर खूणही आली. तेव्हापासून हजारो गोण्यांवर तिनं ती घातली होती. डोकं दुसरीकडे असलं तरी बोटं ती घालत.

घरी आली तेव्हा आई दारात पाय पसरून बसली होती. दोन खोल्यांचं घर, पुढची स्वयंपाकाची, मागची झोपायची. आई दिवसेंदिवस त्या दाराच्या चौकटीत जास्तच मावायला लागली होती. पूर्वी ती दारात बसली की आत जायला जागा नसे.

"आज कुणी बाई आली होती म्हणे शेडमध्ये," आई म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"भिंतीला कान आहेत आपल्या. शेजारणीचे."

"कपडे मागत होती. जुने."

"कशाला?"

"पायपुसणी करतात."

आईनं तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग खोकल्याची उबळ आली आणि बघणं तिथंच राहिलं.

बाप जाऊन आठ महिने झाले होते. तो गोदामात हमाल होता. तीस वर्षं उजव्या खांद्यावरून पोती वाहिली, त्यामुळे तो खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. मधली काही वर्षं मालाच्या गाड्यांबरोबर लांब लांब जाई, महिना महिना परतत नसे. शेवटी रोडावत गेला. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं की हमाल फुप्फुसानं गेला, धुळीनं. थोरलीनंच तसं सांगितलं होतं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. कागद तिच्या हातात दिला. आणि वर म्हणाले, "आईची तपासणी करून घ्या. लवकर. आता गोळ्या आहेत, माणूस वर्षानुवर्षं जगतो."

तिनं मान हलवली होती. कागद चुलीत घातला होता. आधी म्हणाली, बापाचे दिवस सरू देत. मग म्हणाली, आईला जरा सावरू दे. मग शेडमधल्या आठ जणींची भानगड निघाली आणि तिनं स्वतःला सांगितलं, हंगाम जाऊ दे. आईला न्यायचं म्हणजे केंद्राच्या त्या दारातून न्यायचं. ते दार बाजाराच्या रस्त्यावर उघडतं. त्या दाराशी कोण उभं होतं, हे संध्याकाळपर्यंत वस्तीला पाठ होतं.

आईचं मनगट मात्र हंगामाची वाट बघत नव्हतं. रोज बारीक होत होतं.

चार दिवसांनी बुटांची बाई घरीच आली. थोरली कपडे वाळत घालत होती.

"आमच्याच घरी का आलात?" तिनं विचारलं. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"सगळ्यांच्याच घरी जातेय. तुमचं एकविसावं." बाईनं दाराबाहेरच बसकण मारली. "पहिल्या वीस घरांनी हेच विचारलं."

"यादी दाखवा."

"यादी नाही ताई. वही पण नाही. तपासून बघा गाठोडं."

थोरलीनं खरंच तपासलं. गाठोडं सोडून एकेक तुकडा बाजूला केला. सगळे एकाच मापाचे, हातभर रुंद, दोन हात लांब, पांढऱ्या जाड कापडाचे. बहुतेक कोरे होते. एकावर निळ्या सदऱ्याचा खिसा शिवलेला, आणि खिशात सायकलची घंटी.

"हा कुणाचा?"

"माझ्या भावाचा."

"खरा भाऊ, की लोकांना दाखवायचा?"

बाई रागावली नाही. तिनं घंटी अंगठ्यानं एकदा वाजवली. "आता दाखवायचाच. दोन वर्षं आतल्या खोलीत लपवला होता आम्ही. औषध गल्लीच्या टोकाला मिळत होतं. पण आणायला गेलं तर लोक बघतील, म्हणून कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही."

थोरलीला वाटलं, ही हे प्रत्येक दारात सांगत असणार, याच आवाजात, याच ठिकाणी थांबून. आणि तरी तिची मान दाराकडे वळली. तिनं आत बघितलं. आई झोपलेली होती, किंवा डोळे मिटून पडलेली होती. दोन्हींतलं नेमकं काय, ते हल्ली कळत नसे.

"आमच्याकडे कुणी नाही तसलं," ती म्हणाली.

"बरं." बाई उठली. एक कोरा तुकडा दगडाखाली ठेवून गेली. थोरलीनं तो लाथेनं सरकवला, मग कुणी बघायच्या आत उचलून आत नेला.

सुटीच्या दिवशी दुपारी, आई शेजारणीकडे बसायला गेली असताना, तिनं बापाचा सदरा काढला. खाकी रंग धुऊन धुऊन मातीचा झाला होता. उजव्या खांद्यावर आईनं लावलेली ठिगळं होती, एकावर एक तीन. पोत्याच्या घासानं तिसरंही झिजून जाळी झालं होतं. तिनं तो सदरा आपल्या खांद्याला लावून बघितला. मग कात्रीनं खांद्याचा भाग गोल कापून काढला. कापताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. आवाज होऊ नये म्हणून ती कात्री थोडी थोडी चालवत होती.

का करतेय, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. एवढंच ठरवलं होतं की नाव नाही, फोटो नाही, काही नाही. बापाचं निदान एवढं तरी कुठंतरी खरं असू दे, आणि कुणाला कळू नये.

शिवायला मात्र दाभण आणि सुतळीच घेतली. बारीक सुई तिच्या हाताला लागत नसे. टाके एका मापाचे पडत गेले. बसल्या बसल्या तिला बाप आठवला: पोतं पाठीवर घेण्याआधी मान एकदा डावीकडे झटकायचा, माशी हाकल्यासारखी. शेवटी अंथरुणात पडल्यावरही पाणी मागताना तो तशीच मान झटकी. डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबले नाहीत. कडेपर्यंत पोचली, शेवटचा टाका घातला, सुतळी दातानं तोडली आणि तुकडा घडी करून फडक्यात बांधला.

तेवढ्यात दारात आई.

"काय शिवतेस सुटीच्या दिवशी?"

"फडकी."

"तो सदरा का बाहेर?"

"कसर लागलीय का बघत होते."

"लागली का?"

"नाही."

आई आत आली, पाणी प्यायली, भांडं पालथं घातलं. पुढं काही विचारलं नाही. हे न विचारणंच थोरलीला दिवसभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं तो तुकडा केंद्राच्या मागच्या खिडकीतून ओसरीत टाकला आणि मागं न बघता निघून आली.

बाजाराच्या दिवशी ते कापड गोदामाच्याच लांब भिंतीवर टांगलं होतं. बाजाराला जाणारा रस्ता तिथूनच जातो. दुपारच्या सुटीत शेडमधल्या झाडून सगळ्या बायका बघायला निघाल्या. थोरली गेली नसती तर ते लक्षात आलं असतं, म्हणून तीही गेली.

भिंतीपुढे गर्दी होती, पण भिंतीपासून दहा पावलं मोकळी सोडून. कापड वाऱ्यानं फुगत होतं आणि पुन्हा भिंतीला चिकटत होतं. तीसेक तुकडे असतील. ड्रायव्हरची टोपी. एका बाईच्या झग्याची बाही, लाल. लहान मुलाचं पायमोज्याएवढं काहीतरी, ज्याकडे कुणीच फार वेळ बघत नव्हतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की तपासणी मोफत आहे, औषध मोफत आहे, या.

बुटांची बाई बाजूला स्टुलावर उभी राहून बोलत होती, पण ऐकत कोण होतं? सगळे शोधत होते. हा कुणाचा, तो कुणाचा. "ही टोपी त्या कोपऱ्यावरच्या ड्रायव्हरची, पैजेवर सांगतो." "हट, त्याला तर गाडीनं उडवला." "गाडीनं उडवला असं त्याच्या बायकोनं सांगितलं." माणसं मेलेल्यांची उलटतपासणी घेत होती.

"खाकी सदरे काय शंभर जण घालतात," एक बाई म्हणाली. "हमाल सगळे खाकीच."

थोरलीच्या छातीवरचं ओझं जरा हललं. खरंच होतं. शंभर जण घालतात.

तपकीर मावशीला लांबचं दिसत नसे. ती दहा पावलं ओलांडून थेट भिंतीशी गेली, खाकी तुकड्यापाशी वाकली आणि त्याच्या कडेवर बोट ठेवलं. सवयीचं बोट. शेडमध्ये ती अशीच दुसऱ्यांच्या गोण्या तपासायची.

"अगं बाई," ती म्हणाली. मोठ्यानं नाही.

थोरलीला तिथून दिसलं नाही, पण कळलं. तिच्या बोटांना कळलं. उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या टाक्यापाशी, तीन तिरके आणि मागे एक छोटा. ती खूण कधी घातली ते तिला आठवतही नव्हतं. काम पुरं झालं आणि बोटांनी कोंबडीचा पाय काढला होता, जसा रोज काढतात.

बुटांच्या बाईला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. ती स्टुलावरून "कुणाचं नाव नाही, काळजी करू नका" असं सांगत होती. शेडमधल्या पंधरा बायका वळल्या आणि त्यांनी थोरलीकडे बघितलं. त्या महिन्यात पहिल्यांदाच त्या तिच्याकडे सरळ बघत होत्या.

परतताना ती मध्ये चालत होती. शेड येईपर्यंत ती एकटी चालत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या गोण्या लांब सरकवलेल्या होत्या. पाण्याच्या माठावरचा पेला गायब होता. प्रत्येकीनं घरून आपापला आणला होता. तिच्या पाठीशी बसणारी बुटकी रोज तिच्याकडून सुतळी ओवून घेई. आज ती स्वतःच डोळे बारीक करून धडपडत राहिली, सुतळी थुंकीनं ओली करकरून.

दुपारी मुकादम आला. आगीपासून राहावं तसा लांबच उभा राहिला.

"हात दाखव."

तिनं हात पुढे केले. बोटांच्या शेंड्यांना जुन्या-नव्या टोचण्या होत्या. सोळाही जणींच्या होत्या.

"दिवसातून किती वेळा टोचतं?"

"टोचतं तेवढं टोचतं, मुकादम. सगळ्यांनाच टोचतं."

"रक्त गोणीला लागतं."

"लागतं."

"त्या गोणीत लोकांच्या खायचं धान्य जातं." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "माझ्या मनात काही नाही, तू कामाची आहेस. पण मालकाच्या कानावर गेलं तर सगळी शेडच बंद करेल. चार दिवस घरी बस. मग बघू."

"मला नाहीये तो आजार."

"कागद आहे का?"

तिच्याकडे कागद नव्हता. आयुष्यात कधी तपासलंच नव्हतं. ती काहीतरी बोलायला गेली, पण बायका इतक्या मन लावून शिवत होत्या की तिचा शब्द पडला असता तरी कुणी उचलला नसता. तिनं दाभण डोक्याच्या फडक्यात खोचलं आणि निघाली. शिवायचा ढीग अर्धाच झाला होता.

घरी आई दारात नव्हती. आतल्या खोलीत, भिंतीला टेकून, ताठ बसली होती. मांडीवर बापाचा सदरा. खांद्याच्या जागी गोल भोक. आईनं त्या भोकातून हात घातला होता.

"तुझ्या बापाचा खांदा कुठंय?" आई म्हणाली.

थोरली खाली बसली. "आई..."

"शेजारीण आली होती. म्हणाली, तुझी खूण भिंतीवर लागलीय. मी म्हटलं, मी वर्षभर गोणी शिवली नाही. ती म्हणाली, गोणीवर नाही." आईला दम लागला. तिनं थांबून श्वास घेतला. "फुप्फुस म्हणाली होतीस तू."

"हो."

"डॉक्टर काय म्हणाला होता?"

थोरलीनं सांगितलं. डॉक्टर, कागद, चूल. सांगायला फार वेळ लागला नाही. आठ महिने पोटात धरलेली गोष्ट चार वाक्यांत संपली.

"आणि माझं?" आईनं विचारलं.

"आईची तपासणी करा, म्हणाले. लवकर."

आई बराच वेळ सदऱ्याच्या भोकाची कड बोटानं चाचपत राहिली.

"मला वाटायचं, तो गेला म्हणून मी अशी होत चाललेय," ती म्हणाली. "शोकानं. मला आवडायचंसुद्धा ते थोडंसं. म्हणायची, बघ, किती जीव होता माझा." ती कोरडं हसली. "माझ्या अंगात काय आहे ते तुला ठाऊक. आता मुकादमाला ठाऊक, शेजारणीला ठाऊक, त्या तपकीरवालीला ठाऊक. भिंतीला ठाऊक. मी तेवढी राहिले."

"मी सांगणारच होते. हंगाम झाला की..."

"तू जागा राखलीस शेडमधली."

हे खरं होतं.

आई भिंतीचा आधार घेत उठली. थोरली हात द्यायला पुढे झाली, तर आईनं तो हात बाजूला सारला. तोंड धुतलं, केस विंचरले, बाजाराला जायचा चांगला कपडा घातला. "मागं मागं यायचं असेल तर ये," म्हणाली. "शेजारी चालू नको."

बाजाराच्या रस्त्यानं, भर दुपारी, आई पुढे आणि मुलगी दहा पावलं मागे, अशा दोघी गेल्या. दुकानांच्या पायऱ्यांवरची बोलणी थांबत होती आणि त्या पुढं गेल्या की पुन्हा सुरू होत होती. आई तीनदा थांबली. प्रत्येक वेळी थोरलीही थांबली. केंद्राच्या त्या दारातून आई अशी आत गेली, जशी कुणाच्या लग्नाला आलीय.

आत बाकावर आणखी एक जण होती. डोक्यावरून फडकं नाकापर्यंत ओढून, कोपऱ्यात वळून बसलेली. फडक्यातून तपकिरीचा वास येत होता.

"मावशी?" थोरली म्हणाली.

फडकं हललं. "गुडघे दुखतात माझे," तपकीर मावशी म्हणाली. "अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन गुडघ्यांसाठी आलेय."

"गुडघ्यांचं पलीकडच्या खोलीत बघतात."

"ठाऊक आहे मला." तिनं एकदा दाराकडे बघून घेतलं. "ती लाल बाही. माझ्या धाकट्या बहिणीची. मी दिली होती. तुझ्यासारखी सही करून नाही दिली, एवढंच."

थोरलीला राग यावा की काय यावं ते कळेना. हीच ती, जिनं बोट ठेवलं होतं.

"मग माझ्या तुकड्यावर बोट का ठेवलंत?"

"सगळ्या टोपी बघत होत्या, पायमोजा बघत होत्या. लाल बाहीकडे सरकायला लागल्या." मावशीनं फडकं आणखी पुढे ओढलं. "माझ्या तोंडून निघून गेलं. मुद्दाम नाही. पण निघाल्यावर बरं वाटलं, हेही सांगते. मेल्या आठ जागा." मग जरा वेळानं, कुजबुजत, "तुझ्या जागेवर कुणी बसत नाही अजून. तू निघालीस तशी मुकादमानं लगेच तिघींना सांगून बघितलं. तुझ्या ढिगाला हात लावायला कुणी तयार नाही. पडलाय तसाच."

"पडू दे," थोरली म्हणाली. "मी येऊन शिवेन."

आईला आत बोलावलं. थोरली उठली तर नर्स म्हणाली, एकेकीनं यायचं. दार लागलं. बऱ्याच वेळानं उघडलं. आई बाहेर आली ती बोटाला कापूस लावून, आणि म्हणाली, "जा. तुझंही नाव सांगून आलेय."

थोरली आत गेली. तिच्याही बोटाला टोचलं. दाभणापेक्षा कितीतरी बारीक, आणि तरी ती दचकली. मग बाकावर बसून वाट बघणं. आई बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये तपकीर मावशी. तिघी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. पुन्हा एकेकीला आत बोलावलं, एकेकीला कागद मिळाला.

थोरली बाहेर आली. "मला नाहीये," ती आईला म्हणाली.

आईनं हात पुढे केला. "कागद."

तिनं कागद दिला. आईनं तो उलटा धरला, सुलटा धरला. आईला वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं घरात आलेला प्रत्येक कागद थोरलीनंच वाचून दाखवला होता. फक्त बापाचा तो एक वाचून दाखवला नव्हता.

"नाहीये म्हणून लिहिलंय, आई. इथं बघ, हा शब्द."

आईनं त्या शब्दाकडे बघितलं नाही. ती दोन्ही कागद, तिचा आणि आपला, घेऊन ओसरीत गेली. तिथं बुटांची बाई जमिनीवर बसून गाठोडं बांधत होती.

"तुम्ही वाचा," आई तिला म्हणाली.

बाईनं थोरलीकडे बघितलं. "तुमची मुलगी..."

"तुम्ही वाचा."

बाईनं वाचलं. खालच्या आवाजात, एकेक ओळ, बोट फिरवत. मुलीला नाही. आईनं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदाही नाहीच. मग आईचा कागद. आतल्या खोलीत आईला सांगून झालं होतं ते, पण तिला ते उन्हात, दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. आहे. गोळ्या सुरू करायच्या, पुढच्या आठवड्यापासून. रोज, एकही दिवस न चुकवता. उशीर झालाय, पण गाडी गेलेली नाही.

"गाडी गेलेली नाही, हे कागदात लिहिलंय का?" आईनं विचारलं.

"नाही," बाई म्हणाली. "ते मी म्हणतेय."

"बरं. मग तेवढं सोडून बाकीचं धरते."

आईनं दोन्ही कागदांची एकत्र घडी केली, पुन्हा घडी केली आणि कंबरेला खोचली. थोरली ओसरीच्या खांबाशी उभी होती. लहानपणी वर्गाबाहेर उभं केल्यावर ती अशीच उभी राहायची. आई तिच्यापाशी आली. चेहऱ्यावर माया वगैरे काही नव्हतं. थकवा होता, आणि एक नवीन सावधपणा, जो तिनं परक्या माणसांसाठीच ठेवला होता आजवर.

"उद्या शेडमध्ये जाशील?"

"जाईन. माझा कागद मुकादमाला दाखवते."

"त्याला दाखवायचा असेल तर माझ्याकडून मागून ने. आणि दाखवून झाला की परत आण. माझ्याकडे राहील." आईनं उतरायला पहिली पायरी बघितली, मग रस्त्याकडे बघितलं. समोरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं होती, तशीच टक लावून.

थोरली सवयीनं दहा पावलं मागे राहायला सरकली.

"मागं नको," आई म्हणाली. "पुढं चाल. मला दिसशील अशी."